तळमजला, समुद्राकडे तोंड

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची.
तेवढ्यात आम्ही क्रीटला जातो,
मी आणि मेहरून,
जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

खानिया म्हणून गाव आहे तिथं, बंदराचं.
मी परवापर्यंत चानिया म्हणत होते.
कुपवाडच्या ट्रॅव्हल्सवाल्या पोरानं हसून दुरुस्त केलं.
तो स्वतः गोव्यापलीकडं गेलेला नाही.

फोटोत दीपगृह आहे,
आणि पाण्याला लागून घुमटांची जुनी मशीद.
आता नमाज होत नाही म्हणे, चित्रं लावतात आत.
"म्हणजे चप्पल घालून जायचं," मेहरून म्हणाली,
आणि भाकरीचा तुकडा बराच वेळ हातात धरून बसली.

तिथंही द्राक्षं वाळत घालतात.
हे कळल्यावर आमचा अर्धा उत्साह गेला.
एवढा पैसा ओतून परत बेदाणाच बघायचा?
उरलेल्या अर्ध्यानं ठरवलं,
किलोभर आपला तासगावचा न्यायचा
आणि कुणाच्या तरी ओट्यावर ओतून विचारायचं,
सांगा, कितवी प्रत?

अर्जात प्रवासाचं कारण विचारलंय.
मी लिहिलं, बघणे.
पोरगा म्हणाला, काकू, पर्यटन लिहा.
बँकेचं स्टेटमेंट, मालकाचं पत्र, परतीचं तिकीट,
आपण परत येणार याचा पुरावा.
हे शेवटचं मेहरूनला फार लागलं.
"एकोणीस वर्षं रोज घरी परत जाते मी.
देतील का मालक लिहून?"

भिशी मार्चात मिळेल.
गुलाबी वाळूचा एक किनारा आहे, कितीही आत चाला,
पाणी गुडघ्याएवढंच.
साडी खोचून जमेल.

राहायची जागा बघताना मात्र
माझं बोट खालच्या खोल्यांवरून आपोआप पुढं सरकायचं.
तळमजला, समुद्राकडे तोंड, दार उघडलं की वाळू, स्वस्त.
नको.
दुसरा मजला बघ, गच्ची असली तर उत्तम.
गावभागातल्या बाईला याचं कारण विचारू नये.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आयर्विन पुलाचे फूट आम्हाला पाढ्यांआधी पाठ.
सत्तावन्न झालं त्या वर्षी माझा फ्रिज
स्वयंपाकघरातून तरंगत बाहेरच्या खोलीत आला,
पाहुण्यासारखा.

म्हणून पोराला विचारलंच,
तिथलं पाणी चढतं किती?
त्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं,
भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, काकू.
वीतभर, फार तर.

वीतभर.
मेहरूननं टेबलावर वीत टाकून बघितली,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
मधोमध तिचा डबा होता, मेथीचा.

"मग तळमजलाच घे," ती म्हणाली.
"आणि ऑगस्टमध्ये जायचं."
ऑगस्ट सगळ्यांत महाग. ऊन, गर्दी.
शिवाय ऑगस्टात घर सोडून कोण जातं आपल्याकडं?
सामान माळ्यावर कोण चढवणार,
सासूबाईंना विश्रामबागेत कोण पोचवणार?
"पोरं आहेत की.
मला एक ऑगस्ट असं पाणी बघायचंय
जे आपल्या जागेवर बसून राहतं."

भोंगा झाला. डबे मिटले.
मी यादीत ऑगस्ट लिहिला,
खाली लिहिलं, रोमिंग पॅक,
पुलाची पातळी रोज सकाळी फोनवर येते म्हणून.
मेहरूननं माझ्या हातातलं पेन घेऊन ते खोडलं,
दोनदा, कागद फाटेस्तोवर.

संध्याकाळी हिशेब लावताना तीच पावती हाताला लागली.
फाटलेल्या जागेच्या बाजूला,
तिच्याच अक्षरात, पेन्सिलीनं, बारीक:
रोमिंग. फक्त मेसेजपुरतं.