मुक्काम एकच

दाराबाहेर ताट ठेवताना मी सहज म्हणाले होते,
जाऊ या का कुठेतरी? बेत तूच आख.
उत्तर आलं नाही.
ऑक्टोबरपासून येत नाहीच.

चौथ्या दिवशी रिकाम्या वाटीखाली
घडी घातलेले सहा कागद.
इबुकीचं अक्षर. पण एवढं बारीक?
मुंगीने शाईत पाय बुडवून
हामामात्सुहून निघावं, तसं.

पहिल्या कागदावर: ओकायामा. मुक्काम एकच.
खाली दोन रेघा.
हॉटेल बदलायचं नाही, सुटकेस एकदाच उघडायची.
रोज निघायचं, रोज त्याच खोलीत परत.
खोली रुळांच्या बाजूची मागावी.
तारखा जूनमधल्या, कुणालाच सुट्टी नसते तेव्हाच्या.
आणि शाळेची मुलं ज्या गाड्यांना असतात
त्या सगळ्या लाल पेन्सिलीने खोडलेल्या,
एकूण एक.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे मुलांचा भात वाढते.
रजा मिळेल का, त्याने विचारलेलं नाही.
मिळवीन.

पहिला दिवस: पोचणं. ट्राम, तीन थांबे, नदी, परत.
दुसरा दिवस: नीवासे.
दोनच स्टेशनं पुढे. चहा निवायच्या आत येतं.
मी दाराशी जाऊन म्हणाले,
अरे, तिथे बघायला काहीच नाही.
आतून: म्हणूनच.

आवाज फुटलाय त्याचा.
कधी फुटला?
मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले,
खाली भाताचा कुकर वाजून बंद झाला.

तिसरा दिवस: किबित्सु.
एकेरी मार्ग. समोरची गाडी येईपर्यंत
आपली थांबते, असं त्याने लिहिलंय,
आणि पुढे: तिला कोणी घाई करत नाही.
परतताना बदल, अकरा मिनिटं.
चार पुरतात. सात मला हवीत.

प्रत्येक पानाच्या कडेला एक रकाना आहे,
'न जमल्यास'.
ही चुकली तर ती, ती चुकली तर पुढची,
अंगात बळ नसेल तर प्लॅटफॉर्मवरचं बाक,
कुठलं, तेही. छताखालचं, गेटापासून लांबचं.
एवढा भरलेला रकाना मी जन्मात पाहिला नाही.
मी तर सगळं न जमल्यासशिवायच करत आले,
लग्न, नोकरी, याच्या बापाची अकिताला बदली.

चौथा दिवस: ताकामात्सु. समुद्रावरचा पूल.
'मध्ये उतरता येत नाही' इतकंच लिहिलंय,
पण खोडून, पुन्हा लिहून, पुन्हा खोडून
कागद तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखा झालाय.
दिव्यासमोर धरला तर
बोट दिसतं पलीकडचं.

पाचव्या दिवसाचं पान उभं दुभंगलेलं.
डावीकडे आई, उजवीकडे मी.
आईने इन्बेला जावं, तिला मातीची भांडी आवडतात.
(हे मी कधी बोलले? याच्या देखत?)
मी: त्सुयामा.
एकटा, असा शब्द नाही.
रेघच पुरे आहे.
संध्याकाळी पाच चाळीस, गेटाजवळच्या घड्याळाखाली.

रात्री फोनवर त्याच्या बाबांना सांगितलं.
ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले,
त्सुयामाची गाडी डिझेलची असते ना अजून?
मला काय माहीत.
त्यालाच विचारा, म्हणाले, आणि दोघेही घाबरलो.

त्याच्या बाजूला न जमल्यासखाली चार गाड्या, दोन बाकं.
माझ्या बाजूला न जमल्यासखाली
एकच ओळ: फोन कर, येईन.

उद्या ताटासोबत पेन्सिल ठेवणार आहे.
इन्बेच्या गाडीत खिडकी डावीकडची घ्यायची
की उजवीकडची,
ते लिहायचं राहून गेलंय त्याच्याकडून.