शिवण

पूर ओसरला आणि वॉर्ड भरला.
सात नंबरला रंगराव मधाळे, सुभाषनगर.
चपलांचं कातडं कमावण्यात जन्म गेला.
आज त्यांच्याच हाताची कातडी
चिमटीत धरून सोडली
तर उभीच राहते.

"नुसतं पाणी दे की, पोरी."
दिलं होतं. टिकलं नाही.
"ह्यात काय हाय?"
मीठ. साखर.
"हगवणीला साखर?"

मग मध्यरात्री, पेला धरून, मी सांगत बसते :
आतड्यात पेशी, पेशीभोवती चरबीचे दोन पदर,
डोकी पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे.
त्या पदरांत दारं.
एक दार असं, की मीठ एकटं आलं तर हलत नाही,
साखरेला सोबत घेऊन आलं की वळतं.
पल्याड एक पंप ते मीठ पुढं ढकलत राहतो,
आणि पाणी
न बोलावता मागोमाग जातं.

"चरबी?" ते डोळे उघडतात.
"आमी तर चुन्यात टाकून आदी चरबीच काढतो.
ऱ्हायली की माल नासला."
घोटभर पितात.
"आन् शिवण कुठं घातलीया?"

शिवण नाही, काका.
बारीक भोक पडलं
तर आपलं आपण मिटतं.

बराच वेळ ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहतात,
आरीनं पडलेल्या जुन्या घट्ट्याकडे.

साडेतीनला पुन्हा चिमटी.
सोडली. हळूहळू बसली.
"लघवीला जायचं हाय," ते म्हणतात, जरा लाजून.

मी चार्टवर वेळ लिहिते.