फुग्याची चाचणी

शनिवारी सकाळी नऊला
ईस्टहॅम्प्टनच्या जुन्या गोदामामागे
त्यांनी भलामोठा लाल फुगा सोडला,
दोरी मोजून, पासष्ट फूट.
नियम पस्तिसाचा. जास्त हवं, तर आधी दाखवा.

वारा होता. फुगा कलला,
साठ झाला, पन्नास झाला.
नगररचनेचा माणूस म्हणाला, थांबा जरा, सरळ होईल.

लोरेन वोयचिकबाई खुर्ची टाकून बसलेल्या
टोमॅटोच्या वाफ्यापाशी, हातात खडू.
सावली कुंपणावर आली की एक रेघ.
"तीनलाच माझं ऊन बुडणार," म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता, पण मलाच.
मी मान डोलावली.
खोटं नव्हतं ते.

सांगितलं नाही त्यांना
की यादीत माझा नंबर एकोणीस,
सहावा मजला, कोपऱ्यातलं घर;
की फुगा हेलकावतोय
तिथेच कुठेतरी माझा ओटा आहे
आणि मघापासून मी त्यावर
कुकर चढवतोय, उतरवतोय.

मंगळवारी मंडळाने पंचेचाळीसवर हात वर केले.
बुधवारी बाईंनी पिशवीभर टोमॅटो दिले.

अजून त्या बाजूने जाताना
मान आपोआप वर होते.
काही नाही. एक ससाणा,
माझ्या स्वयंपाकघरातून
सरळ आरपार.