दीड वॅट

शेंगाचटणीच्या डब्यात बसवलाय ट्रान्समीटर.
झाकण उघडलं की अजून वास येतो
लसणाचा आणि सोल्डरचा, एकत्र.
दीड वॅट.
देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्बसुद्धा
याच्या दहापट खातो.

कॉइल राजमणीनं गुंडाळून दिली.
तीस वर्षं कांड्या भरल्यात तिनं,
बोटांना वेढे मोजावे लागत नाहीत.
मी म्हणालो, एकवीस.
शेजारणीशी बोलता बोलता तिनं एकवीसच घातले,
सुटं टोक दातानं ओढून हातात दिलं.

तार गच्चीवरच्या टाकीपासून
सादूलांच्या कडुनिंबापर्यंत.
सादूल म्हणतात, वीज पडेल.
म्हटलं, आधी ढग तर येऊ देत.

नीलम नगरात माग दिवस-रात्र चालतात.
खटक-खट कानाला सवयीची,
पण रेडिओला ऐकू येतात मोटारी,
स्टार्टरच्या ठिणग्या,
गल्लीतले झाडून सगळे स्वस्त चार्जर.
त्या खरखरीखाली जग असतं,
पोत्याखाली सुई पडलेली असावी तसं.

दिवसा बार्शीचे गुळवे सर खणखणीत येतात.
सत्तर किलोमीटर, पण शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे.
अंधार पडला की बार्शी पुसली जाते.
वरचं छत कुणीतरी उचलतं
आणि माझी हाक सरांच्या डोक्यावरून निघून जाते.
सर फोन करतात, "काय हो, आज लावलाच नाहीत?"
तासभर, सर, तुमच्याच नावानं बोंबलतोय.

यंदा सूर्यावर डाग भरपूर आहेत.
मध्ये काही वर्षं चेहरा स्वच्छ होता त्याचा
आणि वरचे बँड मेलेले;
आम्ही दोघंच एकमेकांना बोलवायचो
भाकरी, पाणी, गुडघेदुखी.
आता डाग आलेत तर लांबचे लोक येतात.
मे महिन्यातल्या सोलापुरात
सूर्याचं भलं बोलणारा मी बहुधा एकटाच.
तोही बेभरवशाचा.
परवा भर अकराला सगळं एकदम गप्प.
हेडफोन झटकला, जोड तपासले,
राजमणीला म्हटलं, कशाला हात लावलास?
तिनं काही केलं नव्हतं.
तिकडे वर भडका उडाला होता.
दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

आणि काल रात्री नऊला
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाम.
माग थांबले. पंखे थांबले.
लोक बनियनवर रस्त्यात आले,
वीजमंडळाच्या सात पिढ्या निघाल्या.
मी गच्चीवर. स्कूटरची बॅटरी, चौदा मेगाहर्ट्झ.
हेडफोनमध्ये इतकी शांतता
की आधी वाटलं, हाही गेला.

मग सुई दिसावी तसा एक बारीक सूर.
इर्कुत्स्क. नाव अर्काडी.
मला दिले दोन-दोन-नऊ, म्हणजे
वाचता येतंय, पण जिवावर येतंय.
त्यानं हवामान विचारलं. मी पाठवलं, त्रेचाळीस.
त्याच्याकडून नुसतं प्रश्नचिन्ह.
पुन्हा पाठवलं, आकडे सावकाश ठोकत.
पुन्हा प्रश्नचिन्ह.
तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा तो हसला;
मोर्समध्ये हसायला दोन अक्षरं लागतात.
मग म्हणाला, इथे सहा. तलावावर अजून

सूर बुडाला. वर आला. पुन्हा बुडाला.
राजमणी जिन्यात उभी, हातात पुठ्ठ्याचा वारा.
भांडण विसरून हळूच म्हणाली, "इनबडतुंदा?"
आमच्या तेलुगूत एवढंच,
ऐकू येतंय का.
मी बोट वर केलं, थांब.

तेवढ्यात खालून पोरांचा ओरडा, आलीऽऽऽ!
एकेक करून माग सुरू झाले
आणि खरखर परत चढली गळ्यापर्यंत.

जुन्या कापडाच्या वहीत, मीटरच्या रकान्यात,
वेळ लिहिली, नाव लिहिलं, दोन-दोन-नऊ.
शेऱ्यात लिहिलं, तलावावर अजून.
ती म्हणाली, अजून काय?
म्हटलं, तेच राहिलं.
ती वारा घालत बसली,
थोडा मला, थोडा बॅटरीला.