आज रात्रीचा पेहराव

दुपारी चारला केबिनांच्या दाराखालून चिठ्ठी सरकते:
आज रात्रीचा पेहराव औपचारिक.
पुरुषांनी काळा कोट आणि बो, बायकांनी लांब झगा.
जीन्स नको, चपला नकोत,
दंड उघडे असतील तर शाल जवळ ठेवा,
जेवणघरात गारठा असतो.

साडेचारला खाली,
पाण्याच्या रेषेखाली,
माझा फोन ठणाणायला लागतो.

मी जोव्हलिन. इलोइलोची.
तेरा वर्षं झाली या इस्त्रीच्या वाफेत.
वरच्या जेवणघरात मी कधी बसले नाही,
पण तिथं काय वाढलं ते मला विचारा.
मंगळवारच्या चादरीवर बीट.
बुधवारी लोणी, लिंबू, म्हणजे कॉड मासा.
पांढऱ्या कफावर लाल वाईन, बटण तुटलेलं,
म्हणजे सात नंबरच्या टेबलावर कुणाचं तरी बिनसलं.
माणसं म्हणतात, कॉफी सांडली असेल.
डागाला तेवढं लाजायला येत नाही.

बर्गन सोडलं त्या संध्याकाळी
पाच हजार चौदामधून फोन आला.
डॉर्कस पेंगेली, पेन्झान्सच्या,
छत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे उभ्या.
बॅग विमानानं भलत्याच गावी नेऊन टाकलेली.
अंगावर होतं ते राखाडी कार्डिगन माझ्या हातात देत म्हणाल्या,
"इस्त्री केली म्हणून याचा झगा होणार नाही, नाही का?"
आणि हसल्या. त्या हसण्याची घडी
नीट बसत नव्हती.

माझ्याकडे एक झगा होता.
केळीच्या कोंबासारखा हिरवा,
धाकटीच्या लग्नासाठी मावशीनं शिवलेला.
कंपनीनं करार दोन महिने वाढवला
आणि लग्नात मी होते ती फोनमध्ये,
पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवलेली.
केकच्या वेळी कुणीतरी ग्लास उचलला,
पुढचं सगळं छत.

प्रवाशांना वस्तू उसनी द्यायची नाही, असा नियम आहे.
नियम भिंतीवर आहे, पिना ड्रॉवरमध्ये.
कमरेला दोन बोटं सोडली,
खांद्यावर चार पिना,
आणि झगा वर गेला
ज्या लिफ्टनं मला जाता येत नाही तिनं.

त्या रात्री मी सत्तावन्न शर्ट काढले.
एक कॉलर जाळली.
तेरा वर्षांत पहिली.

दहाला आगुंग ट्रॉली घेऊन उतरला.
"टेबल अकरा," म्हणाला,
"तुझ्या झग्यानं सूप परत मागून घेतलं."
एवढंच. वाढप्याला
पोचवायच्या बातम्या काय कमी असतात?

साडेअकराला झगा परत आला,
कागदी पिशवीत, वर चिठ्ठी:
बाही खराब झाली, फार वाईट वाटतं, धुलाईचे पैसे सांगा.

मी दिव्याखाली धरला.
बाहीवर तपकिरी रस्सा. हरणाचं मटण, गुरुवार, बरोबर.
मांडीवर साखरेचे कण, म्हणजे गोडही खाल्लं.
एक पिन हरवलेली.
आणि पाठीवर,
कमरेच्या जरा वर,
चार बोटांची पुसट तेलकट खूण, एक अंगठा.

बाई नाचल्या होत्या.
हात न धुता आलेल्या कुणाबरोबर तरी.

रस्सा काढला. साखर झटकली.
पाठीवरच्या बोटांपाशी साबण घेऊन थोडा वेळ उभी राहिले,
मग तसाच हँगरला लावला,
माझ्या बंकच्या पडद्यामागे,
जहाज हललं की तो थोडा हलतो.

शुक्रवारची चिठ्ठी:
आज रात्रीचा पेहराव साधा.
बॅग सापडली म्हणे, तिसऱ्याच बंदरावर.
तरी साडेचारला पाच हजार चौदाचा फोन.
"इस्त्रीचं काही नाही," त्या म्हणाल्या,
"सहज.
तुम्ही आज काय घातलंय?"

मी खाली पाहिलं.
निळा युनिफॉर्म,
खिशावर माझ्याच नावाचं अर्धं उसवलेलं भरतकाम.