सोळा फेऱ्या

मेडिकलच्या कॅन्सर वॉर्डाबाहेर
जिन्याखालची खोली मला दिली आहे.
टेबल, दोन खुर्च्या, तिसरी साक्षीदारासाठी,
व्हिडिओचा कॅमेरा, आणि एक कूलर
ज्याची ताटी मागच्या उन्हाळ्यापासून तीच आहे.
इथे बसून मी आजारी माणसांना विचारते.
नोकरीच्या कागदावर त्याला भरती म्हणतात,
जशी पोलिसांची निघते, होमगार्डांची निघते.
फरक इतकाच की माझ्या भरतीत
धावता कुणालाच येत नाही.

अकरा हवेत जूनअखेर. झालेत चार.
दर सोमवारी पुण्याहून फोन येतो,
आवाज गोड: नागपूर मागे पडतंय.

लोक सही करतात. त्रास तोच आहे.
रात्रीच्या गाडीनं तिरोड्याहून आलेली बाई
मी पहिलं पान उलटायच्या आत म्हणाली,
"अंगठा कुठी लावू, म्याडम?"
आधी ऐका, म्हटलं.
तिनं ऐकलं, पोथी ऐकावी तसं,
हात जोडून, अर्थाच्या नादी न लागता.
औषध नवं आहे. लागू पडेलच असं नाही.
कुणाला कोणतं, ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही.
"तुम्ही कराल ते बरोबरच कराल जी."
कॅमेऱ्यात हे संमती म्हणून उतरलं.

मंगळवारी दौलत पराते आले.
तांडापेठेतले विणकर. घशात गाठ.
संमतिपत्र हातात घेतलं आणि वाचायच्या आधी
दोन बोटांत कडा चाचपली,
लुगड्याचा काठ पाहावा तशी.
सव्वीस पानं, तीन तास.
बायकोनं आणलेला पातळ भात निवून गेला.
सतराव्या पानावर बोट ठेवून म्हणाले,
"इथं लिवलं, कवाही बाहेर पडता येते.
मंग बाहेर पडाचा कागद दाखवा."

मी फाईल चाळली. खरंच चाळली.
होकाराला सही, तारीख, वेळ,
साक्षीदाराची सही, अंगठ्याची चौकट, निळी शाई.
नकाराला रकाना नव्हता.
नुसतं तोंडानं सांगितलं तरी चालतं, मी म्हणाले.
"तोंडच तं जाऊन रायलं, बाई."
हसले. हसताना गळा धरला.

"मंग असं करा. जे नाही म्हणून गेले
ते कसे म्हणले तेवढं सांगा.
मले येत नाही. मालकाले कधी म्हटलं नाही,
सोसायटीच्या बाबूले नाही,
अन् डॉक्टरले तं..."

मला एकही माणूस आठवेना.
नाही म्हणणारे म्हणत नाहीत.
चहा पिऊन येतो म्हणतात, आणि येत नाहीत.

तेव्हा मी कॅमेरा बंद केला
आणि त्यांना शिकवायला बसले.
म्हणा, मला यायचं नाही.
"मले... पाहू जी."
पाहू नाही.
"घरी इचारतो."
घरचे इथेच बसलेत, काका. यायचं नाही, म्हणा.
साक्षीदार म्हणून आलेला निनावे शिपाई
माझ्याकडे असा बघत होता
जसं मी स्वतःच्या दुकानाचं शटर खाली ओढत होते.
चौथ्यांदा जमलं. घोगरं, पण अख्खं.
बायकोनं डब्याचं झाकण लावलं,
पुन्हा काढलं.

जाताना दारात थांबून त्यांनी बोटांवर मोजलं.
सोळा फेऱ्या, दर फेरीला रक्त.
"धोट्याच्या सोळा फेऱ्यांत
बोटभर कापड बी होत नाही.
पण होते थोडसं."
मग म्हणाले, "सोमवारी सांगतो.
आता मले दोन्ही म्हणता येते."

सोमवारी आधी पुण्याचा फोन आला.
चार, मी म्हणाले.
आणि तो पाचवा?
विचार करतायत.
पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग,
विचार कशाचा?

दारात तिरोड्याची बाई उभी होती,
दुसऱ्या फेरीसाठी, वेळेच्या तासभर आधी.
अंगठ्याच्या रेघांत
अजून थोडं निळं.