रात्र थोडी

इकडे ऑक्टोबर संपतो तेव्हा उजेड वाढीला लागलेला असतो.
आठ वाजेपर्यंत ऊन बंदरातल्या कंटेनरांवर रेंगाळतं,
समोरच्या टेकडीवर कोकरं आईच्या पोटाला ढुशा देतात
आणि पोर्ट चाल्मर्सची पोरं भुतं होऊन हिंडतात
लख्ख दिवसाढवळ्या,
कपाळावरची कवटी घामाने हनुवटीपर्यंत ओघळलेली.
रात्र थोडी, आणि सोंगं गल्लीभर.

यंदा गाणी मी लावणार, असं सांगून बसलेय.
ग्रीअरसनांचं गॅरेज, दोन स्पीकर, त्यातला एक फाटका.
अट एकच, लांडगे नकोत.
करकरणारं दार नको, ऑर्गन नको,
खदाखदा हसणारा तो म्हातारा तर नकोच नको.
या बेटावर लांडगा कधी नव्हता
आणि दार करकरलं तर आम्ही तेल घालतो.

तर पहिलं: इन्व्हरकार्गिलच्या तिघी बहिणींचं,
बेस गिटार साडेसहा मिनिटं एकाच सुरावर उभी
स्टॉपवरच्या माणसासारखी,
आणि बस येत नाही.
मग ग्दान्स्कचा तो गवंडी,
बायकोच्या बंद पडत चाललेल्या फ्रिजवर गाणारा.
मग एक अंगाई, फार गोड.
भीतीची चाल गोडच असावी लागते,
नाहीतर आपण तिला घरात घेत नाही.

तामाती आला, वय वर्षं सात,
खोक्यात शिरून वॉशिंग मशीन झालेला.
बराच वेळ उभा राहून ऐकलं त्याने, मोजे पोटात गोलगोल फिरवत.
"यात भूत कुठंय?"
येईल म्हटलं.
"मला भीती नाही वाटत. पण पोटात कसंतरी होतंय."
मी त्याला दोन चॉकलेटं जास्त दिली.

शेवटच्या जागेसाठी बुटांचं खोकं उपसलं.
तळाशी कॅसेट, शाईने: ओल्या काड्या, ८६, लोकरीची शेड.
ओल्या काड्या म्हणजे आम्ही.
कुणी मेलेलं नाही आमच्यातलं.
कॅलम पर्थला बाथरूमच्या फरशा विकतो,
नायरी वरच्याच रस्त्यावर राहते, पोहायला शिकवते,
दुकानात भेटली की वाऱ्याबद्दल बोलते
आणि मीही वाऱ्याबद्दलच.
भांडण कशावरून झालं होतं
ते आता ज्याचं त्याला आठवत असेल तर असेल.

गाणं टाकाऊ आहे. ड्रम पुढे, शब्द मागे,
मध्येच एक मेंढी.
पण सुरू होण्याआधी फितीवर अकरा सेकंद आहेत:
खुर्ची सरकते,
कॅलम मोजतो, एक, दोन, चुकतो,
नायरी म्हणते, थांब, थांब, परत,
आणि कुणीतरी हसतं.
पोटातून, नाकात आवाज येईपर्यंत,
पुढे काही होणारच नाही अशा खात्रीने.
तीनदा ऐकलं. ओळखू येईना ही कोण.
चौथ्यांदा मानेवर काटा आला.

काळ भूत झाला की पुरे,
माणसांनी मरावंच असं नाही.

गाणं कापून टाकलं. अकरा सेकंद ठेवले.
यादीत नाव काय लिहावं सुचेना,
रकाना रिकामाच सोडला.

साडेनऊला खरा अंधार पडला एकदाचा.
पोरं साखरेने दमून कुठेकुठे कलंडली,
वॉशिंग मशीन भिंतीला टेकून घोरत होतं.
मी दाबलं.
खुर्ची. एक, दोन. थांब, थांब, परत.
ती हसली, मी नाही.

बाहेर उतारावरून कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत खाली येत होतं,
उद्या गाडीचा दिवस.
चाकांची खडखड कुंपणापाशी आली
आणि थांबली.

वारा नव्हता आज, बोलायला.

मी परत लावलं.